काशीला सोडलेलं पीच

विहीणबाईंची बॅग उघडली, तेव्हा कपड्यांच्या आधी त्यातून जायफळाची डबी आणि वापरून काळंभोर झालेलं बिडाचं एक जड भांडं निघालं. तिथेच मला कळायला हवं होतं. पाहुणी म्हणून येणारी बाई स्वतःची भांडी आणत नाही. भांडी घेऊन येते ती दुसऱ्याच्या ओट्यावर ठाण मांडायलाच येते.

माझा मुलगा दीपेश इथे सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आहे. सून रश्मी घरूनच काम करते. नात इरा आठ वर्षांची. ती जन्मली तेव्हा मी पुण्याहून बाळंतपणाला म्हणून आले आणि बिशानच्या या फ्लॅटमध्येच राहिले. शुभदाताई म्हणजे रश्मीची आई. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या अमेरिकेत जॉर्जियाला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांचे यजमान श्रीनिवासराव दोन वर्षांपूर्वी गेले. एकट्या पडल्या म्हणून इराच्या जूनच्या सुट्टीत महिनाभर लेकीकडे आल्या. यात वावगं काहीच नाही, असं मीच शेजारच्या सविताला दोनदा सांगितलं.

खरी भीती वेगळी होती. दीपेशला त्याच्या बँकेने अटलांटाच्या ऑफिसात जागा देऊ केली होती, आणि अटलांटाहून शुभदाताईंचं घर गाडीने तासाभरावर. महिनाअखेरीस उत्तर द्यायचं होतं. दीपेशने घरात जाहीर करून टाकलं होतं, की आई हो म्हणाली तरच जायचं, नाहीतर नाही. ऐकणाऱ्याला वाटावं केवढा मातृभक्त. पण ते सगळं ओझं त्याने अलगद माझ्या डोक्यावर ठेवलं होतं. तिकडे मला फार तर पाहुणी म्हणून काही महिने राहता आलं असतं, मग पुण्याचा बंद फ्लॅट उघडायचा आणि व्हिडिओ कॉलवर नात बघायची. मी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. अशा वेळी या बाई आल्या, आणि आल्या त्या पीच घेऊन.

पीच हे फळ आपल्याला काही परकं नाही. इथे सुपरमार्केटात कोरियाचे, चीनचे पीच फोमच्या जाळीत गुंडाळून नवरदेवासारखे बसवलेले असतात. मी कधी त्यांच्या वाटेला गेले नव्हते. शुभदाताईंनी दुसऱ्याच दिवशी त्यातली चार फळं दाबून, हुंगून आणली आणि सोबत डब्यातल्या पीचचे तीन डबे. ताजी फळं उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकली, तशी त्यांची सालं आपोआप सुटून आली. डब्यातल्या फोडी गाळून त्यांचा पाक आटवत ठेवला. इथल्या फळाला वास आहे पण रस नाही, म्हणून रस डब्याचा आणि चव ताज्याची, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मग बिडाच्या भांड्यात लोणी टाकून ते ओव्हनमध्ये तापवलं, त्यावर मैदा, दूध, साखरेचं पातळ पीठ ओतलं आणि पिठावर त्या पीचच्या फोडी. ढवळायचं नाही, ही त्यांची मुख्य अट. तासाभराने बघावं तर फोडी खाली गेलेल्या आणि पीठ फुगून वर आलेलं, कडेला लालसर, कुरकुरीत. याला म्हणे पीच कॉबलर. जॉर्जियात शेजारी राहणाऱ्या ओपल नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना शिकवला होता, त्या नवी नवरी म्हणून तिथे गेल्या तेव्हा. घरभर जायफळ आणि लोण्याचा असा वास सुटला, की दीपेश दारातून बूट न काढता आत आला. माझ्या पुरणाच्या वासाने तो कधी बुटांसकट आत आल्याचं मला आठवत नाही.

मी म्हटलं, डब्यातली फळं म्हणजे शिळंच की. नुसतं म्हटलं, सहज. तर इरा ओट्यावर बसून पाय हलवत म्हणाली, "आजी, your aamras also from tin what."

सगळे हसले. खरं होतं ते. लिटिल इंडियातून मी हापूसच्या रसाचे डबे आणते आणि वर्षभर आमरस करते, पण हापूसच्या डब्याची गोष्ट वेगळी. ती कशी वेगळी, हे मला त्या क्षणी सुचलं नाही, आणि शुभदाताई मात्र इराला म्हणाल्या, असं आजीला बोलू नये. माझी बाजू त्यांनी घ्यावी, हे मला जास्त झोंबलं.

त्याहून झोंबत होतं ते दुसरंच. काहीही करताना त्या आधी इराला हाक मारायच्या. फोड कापली की इराच्या तोंडात. पाक आटला की चमच्यावर फुंकर घालून इराच्या तोंडात. "चाखून सांग बघू, आंबट आहे का?" आणि माझी नात, जिला मी भाताचा एकेक घास मागे धावून भरवला, ती त्यांच्यापुढे पाखरासारखी तोंड उघडून उभी. मला सगळं कळत होतं. पोरीला जिभेच्या वाटेने आपलंसं करायचा डाव होता तो. लेकरू एकदा आपल्याकडे वळलं, की आईबाप मागून आपोआप येतात.

पहिल्या रविवारी दीपेशचा मित्र अनीश बायकोला घेऊन जेवायला आला. शुभदाताईंनी सगळा त्यांच्या जॉर्जियाचा स्वयंपाक केला. मक्याचा पाव, भेंडी मक्याच्या पिठात घोळून तळलेली, लवंग, दालचिनी आणि व्हिनेगर घालून पीचचं लोणचं, आणि शेवटी कॉबलर. लोणचंसुद्धा. या घरात लोणचं माझं, हे अनीशलाही ठाऊक आहे. तोच बरणीतली तिसरी फोड उचलत म्हणाला, की काकू, हे काहीतरी भलतंच झालंय. त्याच्या काकू म्हणजे आजवर मी होते.

मग कॉबलर वाढताना शुभदाताईंनी पहिली वाटी माझ्यापुढे धरली. मोठा मान दिल्यासारखी. सगळे माझ्याकडे बघत होते, मी एक घास खाईन आणि मान डोलावीन म्हणून वाट बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी वाटी अलगद मागे सारली आणि म्हणाले, "मला चालत नाही. मी काशीला पीच सोडलंय."

तोंडातून निघून गेलं. काशीला मी गेले होते, हे खरं. पुण्याच्या आमच्या भजनी मंडळाबरोबर, यजमान गेल्यानंतर. तिथे आवडीचं काहीतरी कायमचं सोडायचं असतं, तेव्हा मी शेपू आणि कवठ सोडून आले, जे मी आधीही कधी तोंडात घेतलं नव्हतं. मंडळातल्या बहुतेकींनी असंच काहीतरी सोडलं होतं. पण पीच सोडणारी मराठी बाई मी तरी ऐकलेली नाही. दीपेशने भुवई उंचावली, पण आईच्या व्रतवैकल्यांकडे त्याचं कधीच लक्ष नसतं. रश्मी तिकडेच वाढलेली, तिला सगळं खरं वाटलं. शुभदाताई मात्र हातात वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "पीच?" एवढंच म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग ती वाटी अनीशच्या बायकोला दिली. मला वाटलं, पकडली गेले. पण त्या पुढची वाटी भरायला वळल्या.

पुढचे दिवस मी स्वतःच ओढवून घेतलेल्या उपासात काढले. घरात दिवसाआड पीच. कधी पीच घालून बिस्किटं, कधी पीचचा गार चहा, कधी नुसत्या फोडी लोण्यावर परतून. सगळे खायचे आणि मी बघायची. रश्मी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून टीव्ही बघायला लागली. तिला असं मऊ झालेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. दीपेश सासूबाईंना जॉर्जियातल्या घराबद्दल विचारायचा, मागच्या अंगणातल्या श्रीनिवासरावांनी लावलेल्या पीचच्या झाडांबद्दल विचारायचा. इरा झाडांची चित्रं काढायची. त्या चित्रांत मी नसायचे. सांगायला लाज कसली, मी जळत होते. रात्रंदिवस जळत होते, आणि हसून पोळ्या लाटत होते.

एका दुपारी इरा आणि रश्मी पोहायला गेल्या, शुभदाताई त्यांच्या खोलीत पडल्या होत्या. फ्रिजमध्ये आदल्या दिवशीचा कॉबलर होता. मला फक्त बघायचं होतं, की लोक कशावर एवढे भाळलेत. उभ्या उभ्या चमचा घातला. गार होता, तरी वरचा पापुद्रा दाताखाली कुरकुरला आणि खाली आंबटगोड फोड विरघळली, मागून जायफळ. माझ्या जिभेने सरळ पक्ष बदलला. मी दुसरा चमचा घेतला, तिसराही घेतला, आणि चौथा तोंडात असताना मागे वळले तर दारात शुभदाताई.

तोंडात घास, हातात चमचा, आणि काशीला सोडलेलं फळ. मी गिळूही शकेना.

त्या जवळ आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. एकदम आतुर होऊन त्यांनी विचारलं, "कसा झालाय? खरं सांगा."

मला वाटलं, टोमणा. पण त्या स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. श्रीनिवासरावांच्या अस्थी घेऊन त्या काशीला गेल्या होत्या. गुरुजींनी विचारलं, काय सोडता? त्यांना तर दुसरं काही आवडतच नव्हतं. पस्तीसेक उन्हाळे नवऱ्याने झाडावरून काढून हातात दिलेलं पीच खाल्लं होतं. तेच सोडलं. तेव्हापासून करतात, पण चाखत नाहीत. इथलं फळ कसं निघेल, डब्यातला पाक किती गोड, हे त्यांना कळायला मार्ग नाही, म्हणून प्रत्येक वेळी इराला बोलवतात. "पण ती लहान आहे हो. सगळ्यालाच यम्मी म्हणते. रश्मी आणि दीपेश मला वाईट वाटू नये म्हणून बोलतात. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, पीच सोडलंय म्हणून, तेव्हा मला वाटलं, निदान एक बाई तरी आहे जिला हे सोडणं काय असतं ते माहीत आहे. ते खरं नव्हतं, ते जाऊ दे. पण तुम्ही माझं मन राखायला खोटं बोलणार नाही. सांगा ना."

त्यांचं ताट मी रोज बघत होते. कोणाला आधी वाढतात, कोणाला जास्त वाढतात, सगळं माझ्या डोळ्याखाली होतं. त्या स्वतः खात नाहीत, हे मात्र मला दिसलं नव्हतं.

इथे एखाद्या भल्या बाईचे डोळे भरून आले असते. माझेही थोडे आले. पण त्याच वेळी मला आणखी एक गोष्ट कळली, की या बाई आता माझ्या जिभेवर स्वयंपाक करणार. मी घास गिळला आणि म्हणाले, "बरा आहे. जायफळ जरा जास्त वाटतंय."

जायफळ अगदी बरोबर होतं. त्यांनी मान हलवली, माझे आभार मानले, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुमित्राताई, मी सगळ्यांना न्यायलाच आलेय, हे तुम्हाला कळलंच असेल. मला तुमचा फार हेवा वाटतो. तुम्हाला ही पोरगी नऊ वर्षं मिळाली. मी तिला पडद्यावरच मोठी होताना पाहिली."

आठ वर्षं, मी मनात म्हटलं. पण हेवा हा शब्द मी मनात ठेवून घेतला. मला कोणी हेवा करण्याजोगी समजत असेल, हे गेल्या कित्येक दिवसांत मला सुचलं नव्हतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

त्या निघायच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा कॉबलर झाला. दीपेशने बँकेला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं होतं, आणि मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं, की माझं आता वय झालं, मला हे झेपणार नाही. वयाला कोणी उलट बोलत नाही. दीपेशने पहिला घास घेतला आणि थांबला. "आज काहीतरी कमी आहे का? नेहमीसारखा वास नाही."

मी माझ्या ताटाकडे बघितलं. शुभदाताई म्हणाल्या, "जायफळ कमी घातलं. मलाच वाटलं, नेहमी जास्त पडतं." माझं नावसुद्धा घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. माझी खोट त्यांनी स्वतःच्या पदरात घेतली, सगळ्यांदेखत, आणि वर सगळ्यांची माफी मागितली.

मग त्यांनी वाढायचा चमचा खाली ठेवला आणि दीपेशला म्हणाल्या, की अटलांटाचं मनातून काढून टाका. इराची शाळा इथे आहे, आजी इथे आहे. मला आता एकटीची सवय झालीय, उगाच म्हातारीपायी बसलेली घडी मोडू नका. अगदी शांतपणे म्हणाल्या. आवाज कापला नाही, डोळ्यांत पाणी नाही.

म्हणजे मी जिंकले होते. मला एक शब्दही न बोलता हवं ते मिळालं होतं. मी नुसतं गप्प बसायचं होतं.

पण रश्मी रडायला लागली होती. आणि दीपेश त्यांच्याकडे बघत होता. तो कसा बघत होता, हे मी सांगू शकत नाही. त्याला मी एकटीने वाढवला, बाप वर्षातले आठ महिने बोटीवर. त्याच्या दहावीला मी नोकरी सोडली, त्याच्या लेकीसाठी माझं गाव सोडलं. त्याने माझ्याकडे कधी, एकदाही, तसं बघितलं नव्हतं. आणि या बाईंनी दोन वाक्यांत ते घेतलं. पीच घेतलं, लोणचं घेतलं, नात घेतली, आणि आता हेही. त्यागसुद्धा माझ्याआधी करून मोकळ्या झाल्या.

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी म्हणाले, "ते काही नाही. तुम्ही जायचं. तिघांनी जायचं. शुभदाताईंना एकटं ठेवून मला इथे सुखाने घास गिळवणार नाही. मी पुण्याला जाईन, माझं तिथे काही अडत नाही."

माझाच आवाज मला ठणठणीत वाटला. सगळे माझ्याकडे वळले. रश्मी उठून माझ्या गळ्यात पडली. आई, आई म्हणत राहिली, आणि मला आई म्हणताना तिचा सूर पहिल्यांदाच तसा लागला. आणि दीपेशने माझ्याकडे बघितलं. अगदी तसंच. जे मला हवं होतं ते, तसंच्या तसं. मी शुभदाताईंकडे एक नजर टाकली, त्यांनी पाहिलं की नाही ते बघायला.

मग दीपेशने फोन उचलला. दोनदा अंगठा फिरवला आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. म्हणाला, "पाठवलं. लिहून ठेवलं होतं." हे बोलताना त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता, लहानपणी परीक्षा संपल्यावर व्हायचा तसा. कधीपासून लिहून ठेवलं होतं, हे मी विचारलं नाही. रश्मी पाणी आणायला आत गेली. इरा झाडावर चढायला मिळणार का विचारत होती, आणि तो तिला हो, मिळणार, म्हणत होता.

शुभदाताईंनी टेबलाखाली माझा हात धरला. थंड होता त्यांचा हात. हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "नक्की ना, सुमित्राताई?"

मी दीपेशकडे बघत राहिले. तो इराला झाड किती उंच आहे ते हात वर करून दाखवत होता. तो प्रश्न त्याने विचारावा म्हणून मी आणखी थोडा वेळ थांबले, आणि मग विहीणबाईंना म्हणाले, "नक्की."